मायक्रोनीडलिंग करू का? आधी खड्डा ओळखा

आजचा विषय तुम्हीच मागितलेला. पिंपल्स गेले, पण गालावर खड्डे राहिले. मग मायक्रोनीडलिंग करायचं का, आणि किती सीटिंग लागतील? मी स्वतः गेल्या वर्षभरात चार सीटिंग घेतल्यात, त्यामुळे ऐकीव नाही, अनुभवाचं बोलते. आणि माझं म्हणणं असं की "किती सीटिंग?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "माझे खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत?"

त्याच्याही आधी एक साधी परीक्षा. खिडकीशी उभे राहा, उजेड बाजूने येऊ द्या आणि गालावरून बोट फिरवा. बोटाला काहीच लागत नाही, फक्त तपकिरी किंवा लालसर ठिपका दिसतोय? मग तो डाग आहे, खड्डा नाही. सनस्क्रीन आणि काही महिन्यांचा वेळ दिला की असे डाग बहुतेकदा फिके होतात. त्यासाठी सुया टोचून घ्यायची घाई नको.

बोटाला खोलगट लागतंय? तर असे खड्डे मुख्यतः तीन प्रकारचे.

आइसपिक: तोंड बारीक, पण खोल. दाभणाने टोचल्यासारखे.

बॉक्सकार: पसरट, काठ सरळ. कांजिण्यांच्या वणासारखे.

रोलिंग: स्पष्ट काठ नाहीच, गाल लाटेसारखा वरखाली दिसतो. इथे त्वचेखालचे तंतू तिला आत ओढून धरतात. गोधडी बघा ना, जिथे टाका पडतो तिथेच ती दबते. तसंच.

आता मायक्रोनीडलिंग करतं काय? बारीक सुया त्वचेत साधारण दीड-दोन मिलिमीटर जातात. शरीराला वाटतं जखम झाली, ते दुरुस्तीला लागतं आणि नवं कोलॅजन तयार करतं. ही कल्पना पुढे आली तीही गमतीने. कॅनडात कामिरां आणि डूसे हे दोघे पांढरट वण झाकायला त्यावर त्वचेच्या रंगाचा टॅटू काढत. काही काळाने रंग उडाला, पण वण मात्र सुधारलेले दिसले. म्हणजे काम रंगाचं नव्हतंच, सुईचं होतं! १९९७ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं.

पण एकट्या सुईने सगळं होत नाही, आणि पॅकेज विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. रोलिंग आणि उथळ बॉक्सकारवर ती चांगली चालते. आइसपिकच्या तळापर्यंत तिचा फारसा उपयोग होत नाही. तिथे टीसीए नावाचं तीव्र ॲसिड टोकदार काडीने फक्त त्या छिद्रात लावतात. हे काम डॉक्टरचंच, घरी अजिबात नाही. रोलिंग खूप ओढलेलं असेल तर आधी सबसिजन, म्हणजे त्वचेखाली सुई घालून ते तंतू सोडवायचे. गोधडीचा टाकाच उसवायचा म्हणा. पीआरपीमध्ये तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून लावतात. त्याने थोडी भर पडू शकते, पण खर्चही वाढतो, म्हणून "मला त्याची गरज का?" हे विचारा.

माझे बरेचसे रोलिंग, दोन-चार आइसपिक. त्यामुळे आधी सबसिजन झालं, मग सुया, आणि आइसपिकवर वेगळं ॲसिड. घराजवळच्या एका पार्लरने मात्र माझा गाल उजेडात न बघताच सहा सीटिंगचा भाव सांगितला होता. मी तिथूनच परत फिरले.

प्रत्यक्षात काय होतं? पाऊण तास बधिर करणारं क्रीम, मग वीसेक मिनिटं काम. कपाळाला जास्त टोचतं. दोन-तीन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल. आणि इथे नीट ऐका: दुसऱ्या दिवशी आरशात खड्डे भरल्यासारखे दिसतात. ती सूज असते! पाचव्या दिवशी ती उतरते आणि वाटतं, पैसे पाण्यात गेले. नाही गेले. कोलॅजनला महिने लागतात. म्हणून दोन सीटिंगमध्ये चार ते सहा आठवडे ठेवतात, आणि खरा फरक तीन महिन्यांनंतर मोजायचा. महिन्यावर लग्न आलंय म्हणून धावत जाऊन उपयोग नाही.

आपल्या सावळ्या त्वचेला जखमेनंतर काळे डाग पटकन पडतात. सुईत वरचा थर जाळला जात नाही, म्हणून काही लेसरपेक्षा हा धोका कमी. पण शून्य नाही, तेव्हा सनस्क्रीन चुकवायचं नाही. चेहऱ्यावर पिकलेले पिंपल्स असतील तर आधी ते बरे करा. वण जाड होऊन वाढायची सवय असेल, ओठावर वारंवार नागीण येत असेल, आयसोट्रेटिनॉइन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि ते ऑनलाइन मिळणारे डर्मारोलर? छोट्या सुया खड्ड्यांपर्यंत पोचत नाहीत, मोठ्या सुया घरच्या हाताने संसर्ग आणि नवे वण देतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये पीआरपी मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथल्या सीडीसीने २०२४ मध्ये तो अहवाल दिला. घाबरवायला नाही सांगत. पण सुईचं नवं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, आणि रक्ताच्या नळीवर तुमचंच नाव पाहिजे. हे बघून घ्यायला लाजू नका.

माझा गाल आज गुळगुळीत नाहीये. बाजूच्या उजेडात अजून सावल्या पडतात, आधीपेक्षा बऱ्याच कमी. डॉक्टरांनीही सुरुवातीलाच सांगितलं होतं: खड्डे उथळ होतील, पुसले जाणार नाहीत. तुमचं मोजमाप करायचं तर फिल्टर बंद, तीच खिडकी, तीच वेळ, दर महिन्याला एक फोटो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना तीन प्रश्न फोनमध्ये टिपून न्या: माझे खड्डे कुठले, प्रत्येकावर काय करणार, आणि किती सुधारणा अपेक्षित? उत्तरं काय मिळाली ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर, सनस्क्रीन लावा!