कार्ड आहे, पण पाट कुठे फुटलाय?



पाणी सोडण्याआधी आपण पाटावरून एक चक्कर मारतो. कुठे फुटला असेल तिथे माती लावतो, मगच पंप सुरू करतो. दवाखान्याच्या योजनेचंही तसंच करायला हवं.

मागच्या सुगीत माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याचा हात मळणी यंत्रात सापडला. घरच्यांनी त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. रेशन कार्ड घरात होतं, पण तो दवाखाना योजनेत नव्हता. हात वाचला, बैलजोडी मात्र विकावी लागली. पुढे तो अपघाताच्या मदतीसाठी आमच्या कार्यालयात आला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक अवयव कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचं बिल त्यात बसत नाही. हे मलाच त्याला सांगावं लागलं.

तेव्हा सुगीआधीच पुढील गोष्टी करून ठेवा.

१. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. पण दवाखाना योजनेतलाच हवा, रोगी दाखल हवा आणि उपचार यादीतला हवा. आपल्या भागातला असा दवाखाना कोणता, ते १५५३८८ वर विचारून दारामागे लिहून ठेवा.

२. रेशन कार्डावर सुनेचं, लहान लेकराचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर तहसील कार्यालयात आजच अर्ज द्या.

३. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. आधी बिल भरू, मग पैसे परत मिळतील, या भरवशावर राहू नका.

४. रक्तदाब, साखर यांच्या रोजच्या गोळ्या योजनेत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

एवढं करूनही थोडी गळती राहतेच. सोबतच्या माणसाचं जाणं-येणं, त्याची बुडालेली मजुरी हे आपल्यालाच सोसावं लागतं. म्हणून माल विकला की एका पोत्याचे पैसे वेगळे ठेवा. बियाणं आपण खायला काढत नाही ना? मग हे पैसेही दुसऱ्या कामाला मोडू नका.