धर्माचा रकाना
(ज्युबिली सभेंतील भाषण)



मुलगा बारावी झाला, कीं नांदेड-लातूरकडील पालक हळूच पुसतात, “फादर, शिष्यवृत्तीच्या अर्जांत धर्म कोणता लिहावा?” शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदु मातंग’, आणि आमच्या नोंदवहींत बाप्तिस्मा! १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींस धर्माची अट घातली. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध तींत आले, ख्रिस्ती दलित अद्याप बाहेरच आहेत. बाप्तिस्म्यानें गरिबी फिटत नाहीं, शिवाशीवहि नाहीं. हा अन्यायच होय, असें आम्ही मानतों.

तथापि खोटें पत्र आम्ही दिलें नाहीं. एक माउली त्यामुळें रिकाम्या हातीं परतली. तिचें मुख आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

तिला तेव्हांच सांगावयास हवें होतें, तें आज सांगतों. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळींच काढावा. बँकेचें खातें आधारशीं जोडावें, नाहीं तर मंजूर रक्कमहि अडकते. रविवारीं मिस्सेनंतर कागद घेऊन या. अर्ज आम्ही जवळ बसून भरूं.