समाजजीवन आणि राजकीय कला

(शिक्षक, पंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी व ग्रामीण कलापथके यांच्यासाठी तालुका पातळीवर भरलेल्या शिबिरातील भाषणाचा मुख्य भाग. वक्ते गोव्यातील शासकीय सेवेतून निवृत्त झालेले माहिती अधिकारी आहेत.)



आजच्या भाषणाचा विषय ठरला तेव्हा माझ्या एका शिक्षकमित्राने मला हळूच विचारले, "शासकीय शिबिरात राजकीय कलेवर बोलणार? जपून बोला हो!" त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती, तशी भीतीही होती. या भीतीपासूनच आरंभ करणे मला योग्य वाटते.

'राजकीय' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक, झेंडे आणि पक्ष उभे राहतात. मला अभिप्रेत असलेला अर्थ याहून व्यापक आहे. गावच्या नळाला पाणी कोणत्या वाड्यावर आधी येते, कोणाचा अर्ज लवकर निकाली निघतो, सभेत कोणाचे म्हणणे ऐकले जाते आणि कोणाचे ऐकले जात नाही, हे सारे राजकारणच होय. ज्या कलेत राज्य चालविणारा आणि राज्यात राहणारा यांच्यातील नात्याचा विचार असतो ती राजकीय कला.

या कलेविषयीची तक्रारही फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात ती आढळते. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला. त्यात देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय दाखविला होता. दैत्य संतापले. त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली. पुढे ब्रह्मदेवाने दैत्यांना समजावले ते असे की, नाट्य हे केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे नाही. त्यात तिन्ही लोकांच्या अवस्थांचे दर्शन आहे. पहिल्या प्रयोगालाच हरकत घेतली गेली आणि त्या हरकतीच्या उत्तरातून नाट्याची व्याख्या सांगितली गेली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. नट बोलायचे विसरले तर नुकसान एकट्या नटांचे होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

आता जवळच्या काळात येऊ. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, विराटाच्या दरबारातली. मदांध कीचक सैरंध्रीच्या रूपातील द्रौपदीची विटंबना करू पाहतो. धर्मराज संयम सांगतो. भीम मात्र अन्याय सहन करण्यास तयार नाही. साऱ्या नाटकात इंग्रजांचे नाव नाही. परंतु १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालेली होती आणि लॉर्ड कर्झनची उद्दाम राजवट लोकांच्या स्मरणात ताजी होती. कीचक म्हणजे कोण, द्रौपदी म्हणजे कोण, धर्मराज आणि भीम हे कोणत्या दोन पक्षांचे प्रतिनिधी, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली.

नाटकांना आळा घालणारा कायदा सरकारच्या हाती १८७६ पासूनच होता. त्यालाही पूर्वपीठिका आहे. निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दाखविणारे दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे बंगाली नाटक १८६० चे. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला होता. अशा नाटकांचा बोलबाला कलकत्त्याच्या रंगभूमीवर वाढू लागला, तेव्हा सरकारला कायद्याची गरज भासली.

'कीचकवधा'पासून मी एक धडा घेतो. कर्झन रंगमंचावर नव्हता. तो प्रेक्षकांच्या मनात होता. लेखकाने आरसा धरला, चेहरा प्रेक्षकांनी ओळखला. राजकीय कलेचे खरे कार्य प्रेक्षकाच्या मनात घडते. ती निकालपत्र वाचून दाखवीत नाही; न्यायाधीशाच्या आसनावर प्रेक्षकाला बसविते. प्रचार आणि कला यांतील भेद येथेच आहे. प्रचारक म्हणतो, "मी सांगतो ते माना." कलावंत म्हणतो, "मी दाखवितो ते पाहा आणि तुम्हीच ठरवा." प्रचाराची समाजाला गरज नाही असे मी म्हणत नाही. लसीकरणाचा, साक्षरतेचा, स्वच्छतेचा प्रचार मी स्वतः आयुष्यभर केला आणि त्याचे मला समाधान आहे. परंतु प्रचाराने आज्ञाधारक नागरिक तयार होतात. विचारी नागरिक तयार होण्यास आणखी काही लागते.

परक्या सत्तेला आरसा दाखविणे धैर्याचे आहेच. पण आपल्याच समाजाला आरसा दाखविणे त्याहून अवघड. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका शेतकरी जोडप्याला भविष्याची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. त्यात विदूषक आहे आणि तो केवळ हसवीत नाही. जे घडते त्यावर भाष्य करतो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करते. शिक्षक बंधूंनी हे लक्षात घ्यावे: या नाटकाचा शेवट सूडात होत नाही, शाळेत होतो. दक्षिणा प्राइज कमिटीने त्या वेळी हे नाटक नाकारले. ते छापले गेले १९७९ मध्ये. सव्वाशे वर्षे एक नाटक वाचकांची वाट पाहत राहिले! त्यावर सरकारी बंदी घालावी लागली नाही. शिकलेल्यांच्या एका समितीची उपेक्षा त्याला पुरली. सरकारी बंदीची निदान नोंद राहते; उपेक्षेची तीही राहत नाही.

फुल्यांच्या मार्गाने पुढे सत्यशोधकी जलसे निघाले, त्यानंतर आंबेडकरी जलसे. तमाशाचा जो साचा खेड्यापाड्यांतील माणसाला परिचित होता, तोच त्यांनी घेतला आणि आशय बदलला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हेच सूत्र गिरणगावात आणि गावोगावी नेले. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या अण्णाभाऊंनी १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावर पोवाडा रचला आणि मुंबईच्या कामगाराला हजार मैलांवरील भुकेची जाणीव करून दिली. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला देशाच्या कारभाराशी जोडणे, हे कार्य या कलेने केले.

गोमंतकात आपला अनुभव थोडा निराळा. पोर्तुगीज राजवटीत सालाझारच्या काळी छापल्या जाणाऱ्या शब्दावर सेन्सॉरची नजर असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि शब्दही मोकळा झाला. तियात्रातील कांतारांनी सत्ताधाऱ्यांना चिमटे काढले, दशावतारातल्या संकासुराने गावच्या गोष्टींवर कोपरखळ्या मारल्या आणि ज्यांना चिमटे बसले तेही पुष्कळदा पुढच्या रांगेत बसून हसले. हे हसणे म्हणजे लोकशाहीच्या प्रकृतीचे लक्षण होय.

परंतु मोकळ्या शब्दाला धारही असते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे चिन्ह दोन पाने. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. सकाळी एका बाजूची मिरवणूक गात जाई, सायंकाळी दुसऱ्या बाजूची. आम्हा मुलांना दोन्हींची गाणी तोंडपाठ. संघप्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. प्रश्न मतपेटीतून सुटला, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. पण आमच्या शेजारच्या दोन घरांत, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या, चतुर्थीला एकमेकांकडे पंचखाद्य पाठविण्याची रीत होती. ती त्या वर्षी खंडित झाली. कारण विचाराल तर मत नव्हे. मत दोघांनाही एकमेकांचे आधीच ठाऊक होते. कारण होते अंगणासमोर मुद्दाम थांबून, घरधन्याचे नाव घालून म्हटलेले एक कडवे. प्रश्नावर रचलेली गाणी लोक हौसेने गातात. माणसाला हिणवण्यासाठी जोडलेली ओळ मात्र वर्षानुवर्षे सलत राहते.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावात साक्षरतेवर कलापथकाचा कार्यक्रम ठरला. गावातल्याच तरुणांनी नाटुकले बसविले होते. रंगीत तालमीला मी उपस्थित होतो. त्यात एक प्रवेश असा होता: एक म्हातारी अर्थसाहाय्याचा अर्ज घेऊन कचेरीत येते, तिला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवितात, पाचव्या खेपेस तिला सांगतात की, अंगठा चुकीच्या जागी उमटला आहे, नवा अर्ज आणा. प्रवेश उत्तम वठला होता, विषयाशी सुसंगतही होता. परंतु मामलेदार पुढच्या रांगेत बसणार होते. मी मुलांना म्हटले, "हा भाग लांबतो आहे, गाळा." लांबत नव्हता, हे मलाही ठाऊक होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि प्रवेश गाळला. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, सत्कार झाला.

सगळे पांगल्यावर एक वृद्ध बाई माझ्यापाशी आली. आपल्या बोलीत तिने विचारले, "बाबा, माझी गोष्ट आज मामलेदारांच्या कानावर जाणार असे पोरांनी सांगितले होते. ती केव्हा होणार?"

तो प्रवेश मुलांच्या कल्पनेतून आलेला नव्हता. तो त्या बाईचा अर्ज होता. कागदावरचा अर्ज पाच वेळा परत आला म्हणून मुलांनी तो रंगमंचावरून देण्याचे ठरविले होते. सहाव्या खेपेस तो मी परत केला! दुसऱ्या दिवशी मी तिचे कागद घेऊन कचेरीत गेलो आणि तिचे काम झाले. पण माझ्या मनाचे समाधान झाले नाही. त्या रात्री प्रेक्षकांत तिच्यासारखे आणखी किती जण होते, हे मला कधीच कळले नाही. कळण्याचा मार्ग मीच बंद केला होता. आणि मामलेदारांचेही मी हित केले नव्हते. त्यांच्या कचेरीत काय घडते हे त्यांना समजण्याची संधी मी त्यांच्यापासून हिरावून घेतली.

या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात आपणापुढे ठेवतो.

शासकीय बंधूंना माझी विनंती आहे: कलापथकाची संहिता तपासताना वस्तुस्थिती अवश्य तपासा, योजनेची रक्कम, अटी, तारखा चुकीच्या नसाव्यात. परंतु टीका बोचते म्हणून ती गाळू नका. अनुदानाने नाटकाचा खर्च भागतो. लोकांचे मौन विकत घेता येत नाही, घेऊही नये. अहवालात न येणारी गोष्ट विदूषकाच्या तोंडून फुकट ऐकावयास मिळते.

कलावंत तरुणांना सांगणे असे: पदावरील चूक दाखवा, व्यक्तीच्या घरादारावर जाऊ नका. जे दाखवाल ते खरे असू द्या; एक खोटा तपशील दहा खऱ्यांवर पाणी फिरवितो. कचेरीची थट्टा करा, तशी आपल्या वाड्याचीही करा. जो आपल्या बाजूवर हसू शकत नाही त्याच्या हातचा आरसा दुसऱ्याने का पाहावा?

आणि शिक्षकांना: स्नेहसंमेलनात मुलांकडून पौराणिक आणि ऐतिहासिक प्रवेश अवश्य करवून घ्या, पण वर्षातून एखादे नाटुकले त्यांनाच लिहू द्या. विषय दूरचा नको. गावची विहीर, सकाळची बस, रेशनचे दुकान पुरे आहे. शेवटी मुलांनी उत्तर दिलेच पाहिजे असा आग्रह धरू नका. प्रश्न नीट मांडता आला तरी पुष्कळ झाले. गावाने उत्तर शोधावे.

त्या वृद्ध बाईचा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे: "माझी गोष्ट केव्हा होणार?" आज सायंकाळी या शिबिरातील चार पथके आपापले प्रवेश सादर करणार आहेत. पुढच्या रांगेत अधिकारी बसतील, मीही बसेन. पथकांतील मुलामुलींना मी एवढेच सांगतो की, कोणीही "लांबते आहे" असे म्हटले, तर आधी त्याला त्याचे कारण विचारा.