आधी पावलाला हात लावा

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकांनी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



आपल्या अंकात जयपूर फूट वाटपाचे फोटो छापून येतात. कुबडी टाकून माणूस उभा राहतो, त्याचा आनंद मलाही होतो. पण त्या फोटोतल्या काही जणांचे पाय मीच कापलेले आहेत. म्हणून आज कृत्रिम पायाबद्दल नाही, खऱ्या पायाबद्दल बोलणार आहे.

धडगावच्या बाजूचा एक शेतकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास. लहानपणापासून बिडी. दोन वर्षं चढ चढताना त्याची पोटरी धरायची, थांबला की सुटायची. घरचे म्हणाले, वात आहे. मग अंगठ्याला ठेच लागली. जखमेवर बिब्बा लावला, पाय गार पडतो म्हणून शेकोटीवर शेकला. आमच्याकडे आला तेव्हा अर्धं पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्याआधी काही महिने त्याच्या पाड्यावर आपलं शिबिर झालं होतं. मीही होतो. आम्ही त्याचा रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, चष्म्याचा नंबर काढला. तो अनवाणी आला होता, तरी त्याच्या पावलाला हात लावायचं आम्हाला सुचलं नाही. ऑपरेशननंतर त्याच्या बायकोने विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी कळलं असतं का हो?" मी म्हणालो, "हो, कळलं असतं."

हा आजार साधा समजून घ्या. शेताला पाणी नेणाऱ्या पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. पायाच्या धमन्यांमध्ये चरबीचा थर साचला की तसंच होतं, आणि शेवटचा वाफा म्हणजे बोटं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल ही मुख्य कारणं. तरुण बिडीवाल्यांमध्ये दुसरा एक प्रकार दिसतो, त्यात बारीक धमन्या सुजून बंद होतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो बर्गरचा आजार. त्यात पाय वाचवायचा तर तंबाखू पूर्ण सोडावीच लागते. "दिवसाला दोनच" हेही चालत नाही.

कोणी म्हणेल, आमची माणसं सडपातळ, डोंगर चढणारी, त्यांना कुठला हा आजार? २०१० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना तो होता, असा अंदाज आहे, आणि त्यातले जवळजवळ ७० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. हा फक्त श्रीमंतांचा आजार नाही.

आता तपासणी. "पाय दुखतो का?" असं विचारू नका. दिवसभर राबणारा प्रत्येक जण हो म्हणेल. असं विचारा: "चढावर पोटरी धरते का? थांबल्यावर किती वेळात सुटते? रात्री पाय खाटेखाली सोंडला की बरं वाटतं का?" थांबल्यावर काही मिनिटांत सुटणारं दुखणं हे धमनीचं असू शकतं. रात्री पाय लोंबता ठेवावा लागतो, तो आजार पुढे गेलेला असतो. पुष्कळांना मात्र काहीच दुखत नाही. ज्या म्हाताऱ्या आजी अंगणापलीकडे जात नाहीत, त्यांची पोटरी कशी धरेल? म्हणून हात लावायचा.

दोन जागा लक्षात ठेवा. पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत. आणि आतल्या घोट्याच्या मागे. दोन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने पाहू नका, स्वतःचाच ठोका लागतो. पाय गार असेल तर आधी पाच मिनिटं चादरीत गुंडाळा. काही निरोगी माणसांत वरचा ठोका मुळातच लागत नाही, म्हणून दोन्ही जागा आणि दोन्ही पाय पाहायचे.

ठोका लागला नाही किंवा शंका वाटली, तर बीपीचा पट्टा आणि हातात मावणारा डॉप्लर. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब. दंडाचा १३०, घोट्याचा ९०, तर उत्तर ०.६९. ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे आजार. १.४ च्या वर गेलं तर खूश होऊ नका. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा फसवतो. त्यालाही पाठवायचं.

पायाची प्रत्येक जखम धमनीची नसते. कुष्ठरोगात तळव्याला जखम होते, दुखत नाही आणि ठोका बहुधा चांगला असतो. धमनीची जखम बोटांच्या टोकाला होते आणि फार ठणकते. मधुमेहात दोन्ही एकत्र असू शकतं. ठोका लागत नसेल त्या पायाला घट्ट पट्टी बांधू नका. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर होऊन असह्य दुखू लागला तर शिबिराची वाट पाहायची नाही. त्याच तासाला गाडी बोलवा.

सगळ्या गावाची तपासणी करायची का? नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये सांगितलं की त्रास नसलेल्या सरसकट सगळ्यांना तपासण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ५० हजार पुरुषांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पोटाची मोठी धमनी, पायाच्या धमन्या आणि रक्तदाब यांच्या तपासणीसाठी बोलावलं, त्यांच्यात मृत्यू ७ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे आजार सापडलेल्यांना पुढचे उपचारही देऊ केले होते. मला यातून एवढंच कळतं की नुसता आकडा लिहून पाय वाचत नाही.

म्हणून आपण ६५ च्या पुढचे सगळे, पन्नाशीच्या पुढचे तंबाखूवाले आणि मधुमेही, आणि वय काहीही असो, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असलेले, एवढेच पाहू. तंबाखू सोडवणं, गोळ्या चालू ठेवणं, जखम नसेल तर दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा सराव, पायात चप्पल, शेकणं बंद, बिब्बा बंद. ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आपण करून द्यायची.

आणि शिबिर कधी घ्यायचं? दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. होळीला माणसं घरी येतात. तपासणी होळीच्या आठवड्यात करा, आणि वहीत माणूस कुठल्या गावाला, कुठल्या मुकादमाकडे जातो तेही लिहा. गोळ्या संपल्या की त्याला शोधायचं कुठे, हे त्या ओळीवरून कळेल.

तायांनो, आशा कार्यकर्त्या भरतात त्या फॉर्ममध्ये पावलाच्या ठोक्याचा रकाना नाही. आपल्या वहीत आजच आखून घ्या. देणगीदारांना माझी विनंती आहे की जयपूर फूट देत राहा, पण सोबत एक डॉप्लरही द्या. आणि संपादकांना सांगतो, पुढच्या वर्षी होळीनंतरच्या अंकात किती जण तपासले ते छापू नका. ज्यांचा ठोका लागला नव्हता, त्यांच्यापैकी किती जण वर्षानंतर दोन्ही पायांवर चालत आले, तेवढं छापा.

आता शेजारच्या ताईंच्या पावलाला हात लावा. ठोका सापडेपर्यंत जेवायला सोडणार नाही.