राळेचा हिशेब

नागपुरात, प्रताप नगरच्या दक्षिणेस मिहान औद्योगिक क्षेत्रात, टाटांच्या कारखान्यात, ‘बोइंग ७८७’ विमानाच्या तळाच्या तुळया ज्या संमिश्र द्रव्यापासून तयार होऊ लागल्या, त्यात भार वाहण्याचे श्रेय तंतूंस मिळत असले, तरी हिशेबाची खरी अडचण त्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या राळेची आहे. तंतू भाराच्या प्रमाणात ताणला जातो आणि एकाएकी तुटतो. राळ मात्र उष्मा, काळ व भाराचा वेग यांनुसार वर्तन बदलते, ताणापेक्षा दाबाखाली अधिक तग धरते, म्हणून सर्वांगीण दाबाची दखल न घेणारा, द्रव्य केव्हा नमेल हे ठरवणारा, धातूंकरिता रूढ असलेला फॉन मिझेसचा निकष येथे अपुरा ठरतो. त्याऐवजी ड्रकर व प्रागर यांनी १९५२ साली मातीकरिता मांडलेला निकष पुष्कळदा योजतात. जमिनीचे गणित आकाशात कामी यावे, ही मौजच! तूर्त पंचाईत अशी, की तंतूंच्या सांदीत कोंडलेली राळ सुट्या नमुन्याबरहुकूम वागत नाही.