न संपणारा भागाकार



‘आवर्त दशांश अपूर्णांक’ हे शब्द कानांवर पडतांच पुष्कळांना शाळेंतील एखादी नावडती दुपार आठवेल. तरीही ज्यांच्या घरीं सातवी, आठवी किंवा नववी इयत्तेंत शिकणारें मूल आहे, त्यांनीं थोडा वेळ कान द्यावा अशी माझी विनंति आहे. हा विषय दिसावयाला लहान आहे. परंतु ‘कधींही न संपणारी गोष्ट’ मुलाच्या वहींत पहिल्यानें येते ती येथेंच. ती त्याला कशी भेटते, समजुतीनें कीं दरडावणीनें, यावर गणिताविषयींचा त्याचा विश्वास पुष्कळ अंशीं अवलंबून राहतो.

येरवडा म्हटलें कीं आपल्याला तेथील तुरुंग आणि १९३२ चा पुणें करार आठवतो. पण त्याच येरवड्यांत डेक्कन कॉलेज आहे. १८६८ सालीं कॉलेज या जागेंत आलें. त्या कॉलेजांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरुनाना, गणित शिकवीत. आणि त्यांच्या हाताखालीं शिकून बाळ गंगाधर टिळक १८७७ सालीं बी. ए. झाले. केरुनानांचें चरित्र सांगण्याचा आज माझा हेतु नाहीं. एवढेंच लक्षांत आणून द्यावयाचें आहे कीं, ग्रहगणिताचीं कोष्टकें रचणाऱ्या या विद्वानानें मराठी शाळांतील मुलांसाठीं अंकगणिताचें पुस्तकही लिहिलें. तेव्हां लहान मुलांच्या अपूर्णांकांकडे मोठ्या माणसांनीं लक्ष देण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

आतां विषयाकडे वळूं. आरंभ पैशापासून करणें बरें, कारण पैसा सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्वीं रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत. म्हणजे रुपयाच्या एकशें ब्याण्णव पै. असा एक रुपया तिघां भावंडांत वांटावयाचा असेल, तर प्रत्येकाला पांच आणे चार पै देऊन मोकळें होतां येई. कोणाचें कांहीं राहत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. हिशेब सोपे झाले खरे, पण तोच रुपया तिघांत वांटावयास घेतला कीं प्रत्येकाला तेहतीस पैसे येऊन एक पैसा हातांत उरूं लागला. या उरलेल्या पैशाचे दहा भाग केले, तर तीन-तीन वांटून पुन्हां एक उरतो. त्याचे दहा केले, तरी तेंच. ०.३३३… यांतील टिंबें म्हणजे हा कधींही न फिटणारा उरलेला पैसा होय.

असें कां व्हावें? एकशें ब्याण्णवांत तीन हा अवयव आहे. शंभरांत तो नाहीं. दहा, शंभर, हजार यांचे अवयव पाडूं लागलें तर दोन आणि पांच यांखेरीज तिसरी अविभाज्य संख्या हातीं लागत नाहीं. म्हणून अतिसंक्षिप्त रूपांतल्या अपूर्णांकाच्या छेदांत केवळ दोन आणि पांच हेच अवयव असतील तरच दशांश संपतो. एरवीं तो चालूच राहतो. आपल्या वाडवडिलांनीं पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांकडे या दृष्टीनें पाहावें. त्या सर्वांचे छेद दोन किंवा चार. म्हणून पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५ आणि औट म्हणजे ३.५, असे ते सारे दोन स्थळांच्या आंत संपतात. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या हिश्श्याची गोष्ट निराळी.

शिकवितांना पहिली पायरी ही असावी कीं, मुलाला एक भागिले सात हा भागाकार कागदावर करावयास लावावें. यंत्र देऊं नये. भागाकारांत येणाऱ्या अंकांकडे सर्वांचें लक्ष जातें, बाकीकडे कोणी पाहत नाहीं. आणि सगळें मर्म बाकींतच आहे. दहांत सात एकदां, बाकी तीन. तिसांत सात चार वेळां, बाकी दोन. विसांत दोन वेळां, बाकी सहा. साठांत आठ वेळां, बाकी चार. चाळिसांत पांच वेळां, बाकी पांच. पन्नासांत सात वेळां, बाकी एक. येथें थांबून मुलाला विचारावें, “बाळ, सातानें भागलें असतां बाकी कोणकोणत्या येऊं शकतात?” तें सांगेल, एकपासून सहापर्यंत. “शून्य आलें तर?” तर भागाकार संपला. मग सहा खोल्यांच्या वाड्यांत सातवा पाहुणा आला, तर त्याला कोणाच्या तरी खोलींतच उतरावें लागणार. त्याचप्रमाणें सातव्या वेळीं येणारी बाकी पूर्वीं येऊन गेलेलीच असणार. आणि बाकी पुन्हां तीच आली, कीं पुढचा सारा खेळ पहिल्यासारखाच होणार. म्हणून १४२८५७ हे सहा अंक पुनःपुन्हां येत राहतात. आवर्त हा योगायोग नव्हे. तो टाळतांच येत नाहीं, हें मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसलें पाहिजे.

याहून मोठें उदाहरण हवें असल्यास पंचांगांतून घ्यावें. साधारणपणें एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. सात भागिले एकोणीस केलें तर ०.३६८४२१०५२६३१५७८९४७ असे अठरा अंक येऊन मग आवर्त पुन्हां सुरू होतो. बहुतेक गणनयंत्रांच्या पडद्यावर इतके अंक मावत नाहींत. त्यामुळें नुसतें यंत्र पाहणाऱ्याला येथें आवर्त आहे हें उमजतही नाहीं. हातानें भागणाऱ्याला मात्र आधींच ठाऊक असतें कीं, शून्याखेरीज बाक्या अठराच असल्यामुळें फार तर अठरा अंकांनंतर मागचेंच पुन्हां आलें पाहिजे.

आतां उलट वाट. दशांश दिला आहे, अपूर्णांक शोधावयाचा आहे. अक्षरगणित न शिकलेल्या मुलासाठीं एक सोपी वाट आहे. त्याच्याकडून तीन भागाकार करवून घ्यावे: एक भागिले नऊ, एक भागिले नव्याण्णव, एक भागिले नऊशें नव्याण्णव. उत्तरें येतात ०.१११…, ०.०१०१०१… आणि ०.००१००१… हीं तीन उत्तरें म्हणजे तीन सांचे आहेत. ०.७२७२७२… हा दशांश दुसऱ्या सांच्याच्या बहात्तरपट आहे. म्हणून तो ७२/९९, संक्षेप देऊन ८/११.

अक्षरगणिताची ओळख झालेल्या मुलाला दुसरी रीत द्यावी. ०.७२७२७२… याला क्ष म्हणावें. आवर्तांत दोन अंक आहेत, म्हणून शंभरांनीं गुणावें: १०० क्ष = ७२.७२७२… दोन्ही ओळी एकाखालीं एक मांडल्या कीं टिंबापुढच्या शेपट्या तंतोतंत सारख्या दिसतात. वजाबाकी केली कीं त्या नाहींशा होतात आणि ९९ क्ष = ७२ एवढेंच उरतें. पुस्तकांत ‘जितके आवर्त अंक तितके नऊ’ असा नियम असतो. ते नऊ कोठून आले हें आतां सांगावें लागत नाहीं. शंभरांतून एक वजा केला, म्हणून नव्याण्णव.

नुसता नियम पाठ करणारें मूल कोठें फसतें तें पाहा. ०.१६६६… हा दशांश दिला, कीं तें एक आणि सहा हे दोन अंक पाहतें आणि १६/९९ लिहून मोकळें होतें. पण १६/९९ म्हणजे ०.१६१६१६…, ही निराळीच संख्या झाली. येथें फिरून येतो तो एकटा सहा. एक हा अंक दारापाशींच थांबलेला आहे. म्हणून दोनदां गुणावें: १० क्ष = १.६६६… आणि १०० क्ष = १६.६६६… वजाबाकी केल्यावर ९० क्ष = १५, म्हणजे क्ष = १/६. उत्तर आल्यावर अंशाला छेदानें भागून पडताळा पाहण्याची संवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावावी. म्हणजे आपली चूक त्याला आपणहून सांपडते. ती दाखविण्यासाठीं मास्तरांची तांबडी शाई लागत नाहीं.

यानंतर हुशार मुलाच्या मनांत एक शंका आल्यावांचून राहत नाहीं, आणि माझ्या मतें या विषयांतील खरी कसोटी तीच आहे. या रीतीनें ०.९९९… चें रूपांतर केलें तर ९ क्ष = ९, म्हणजे क्ष = १ येतो. मूल म्हणतें, “हें कसें होईल? थोडें तरी कमी असणारच.” अशा वेळीं “नियम आहे, तसें लिही” असें म्हणणाऱ्यानें त्या मुलाचें मोठें नुकसान केलें असें समजावें, कारण गणितांत विचारावयाचें नसतें, मानावयाचें असतें, असा धडा तें त्या दिवशीं शिकतें. त्याऐवजीं त्यालाच विचारावें, “कमी आहे ना? मग किती कमी आहे तें सांग.” समजा, तें म्हणालें, “एक लक्षांश.” तर केवळ सहा नऊ घेतांच एकांतील उणीव एक दशलक्षांशावर येते, ती लक्षांशाहून लहान आहे, आणि नऊ तर सहावर थांबलेले नाहींत. त्यानें कितीही लहान अंतर सांगितलें तरी पुरेसे नऊ घेऊन त्याहून जवळ जातां येतें. ज्या दोन संख्यांमध्यें कोणतेंही अंतर सांगतां येत नाहीं, त्या दोन नव्हेत. एकाच संख्येचीं तीं दोन नांवें. धावते ती आपली लेखणी. संख्या आपल्या जागीं स्थिर आहे.

शिकविणारानें आणखी एक गोष्ट स्वतःपुरती जाणून असावें, आणि कोणी विचारलें तर लपवूं नये. न संपणाऱ्या शेपट्यांची वजाबाकी सर्वत्र चालत नाहीं. एक अधिक दोन अधिक चार अधिक आठ, अशी दुप्पट होत जाणारी बेरीज घेऊन तिला क्ष म्हटलें, तर तिची दुप्पट म्हणजे तीच बेरीज, पहिला एक सोडून. वजाबाकी केली कीं क्ष उणें एक येतो! धन संख्यांची बेरीज ऋण कशी व्हावी? दोष रीतीचा नाहीं; ही बेरीज वाढतच जाते, कोणत्याही संख्येवर स्थिरावत नाहीं, आणि तरी आपण तिला क्ष हें नांव दिलें, हा दोष. दशांशाचें तसें नाहीं. त्याचें प्रत्येक पुढचें स्थान मागच्याच्या दहाव्या हिश्श्याचें, म्हणून तो ठराविक मर्यादेच्या आंत राहून एकाच संख्येकडे जातो. आधीं संख्या आहे, म्हणून तिला क्ष म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या दोन्ही वाटा चालून झाल्या, कीं एक मोठें सत्य आपोआप हातीं येतें. प्रत्येक अपूर्णांकाचा दशांश संपतो किंवा फिरून येतो. आणि फिरून येणारा प्रत्येक दशांश अपूर्णांकच असतो. मग ०.१०१००१०००१… यासारखा, दर वेळीं एक शून्य वाढविणारा दशांश कधींच फिरून येत नाहीं. अर्थात् कोणताही पूर्णांक कोणत्याही पूर्णांकानें भागून तो मिळणार नाहीं. अपरिमेय संख्यांचें दार मुलासाठीं येथें उघडतें.

हा विषय केवळ परीक्षेच्या चार गुणांचा आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें स्मरण करावें. १९०५ सालीं डहाणूस जन्मलेले आणि १९२९ सालीं पुण्याच्या फर्गसन कॉलेजांतून पदवीधर झालेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. आवर्त दशांश हा त्यांच्या आवडीच्या विषयांपैकीं एक. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली असतां मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपण मघां पाहिलेल्या १४२८५७ या आवर्ताचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून मिळवा. १४२८५७ च येतात. शाळेच्या फळ्यावरचा भागाकार इतक्या लांब घेऊन जाऊं शकतो.

शेवटीं घरीं करून पाहण्यासाठीं एक प्रश्न देतों. एक भागिले तेरा करा. तेरानें भागतांना शून्याखेरीज बारा बाक्या शक्य आहेत. पण आवर्त सहाच अंकांत पुरा होतो. मग उरलेल्या सहा बाक्या कोठें गेल्या? दोन भागिले तेरा करून पाहा, आणि उत्तर मुलाला आधीं सांगूं नका.