उत्सवाचे पास आणि गटांचे हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज हिशेबाविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषणाची सवय मुळीच नाही. पण शारदोत्सवाच्या पासांची व गटांच्या खर्चाची वही गेली सहा वर्षे मजकडे आहे. आमचे घरचे वाणसामानाचे दुकान आहे. पोती आली किती, गेली किती, उरली किती, हे जुळल्यावाचून आमच्याकडे रात्री जेवायला बसत नाहीत. तीच रीत मी येथे चालवली, एवढेच.

पास म्हणजे रंगीत कागद, असे पुष्कळजणींना वाटते. छापखान्यातून आला की तो पैसाच झाला, असे मी समजते. आपल्या नाटकाचे पास ३००. सभागृहात खुर्च्या ३४०. त्यांतल्या ४० पात्रांच्या घरच्या माणसांसाठी व पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. पंचवीस-पंचवीस पासांची १२ पुस्तके असतात. पासावर आणि स्थळप्रतीवर एकच क्रमांक. पुस्तक जिच्या हाती दिले तिचे नाव, क्रमांक कुठून कुठवर, तारीख आणि तिची सही, हे सर्व वहीत एका ओळीत येते. ‘अहो, घरच्याच तर आहोत, सही कशाला?’ असे म्हणणाऱ्या बायका दरवर्षी असतातच. त्यांना मी हसून पेन देते.

गेल्या वर्षी शेवटी अशी बेरीज झाली: विकलेले २५१, परत आलेले ३८, मानाचे म्हणून फुकट दिलेले ९ आणि खराब झालेले २. एकूण ३००. खराब झालेला पास फाडून टाकायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारून तो स्थळप्रतीलाच टाचून ठेवायचा. फुकट दिलेल्या पासाचीही नोंद हवी, आणि तो कोणी द्यायला सांगितला हेही हवे. नाहीतर मानाची माणसे वाढतच जातात.

आता थोडी नाजूक गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी ११ पास कमी भरले. दहाव्या पुस्तकातले, २४० ते २५० हे क्रमांक. पुस्तक एका वयस्कर काकूंकडे होते. त्या म्हणाल्या, ‘मी १४ विकले, त्यांचे पैसे भरले, बाकीचे परत दिले.’ पण परत घेतल्याची नोंद नव्हती; सजावटीच्या गडबडीत कोणाच्या तरी हाती त्यांनी दिले होते आणि कोणाच्या ते त्यांना आठवेना. पास ८० रुपयांचा, म्हणजे रक्कम ८८० रुपयांची. तेवढ्यावरून नळावर आणि जिन्यात कुजबूज सुरू झाली. काकूंनी मंडळात येणे बंद केले.

दारावर पास घेताना त्याचा अर्धा भाग फाडून दोऱ्यात ओवायचा, असा आपला नियम आहे. ती माळ मी घरी आणली आणि दोन दुपारी बसून एकेक क्रमांक पाहिला. २४० पासून २५० पर्यंतचा एकही त्यात नव्हता. पास विकले असते तर अकरातले कोणीच नाटकाला आले नाही, असे झाले असते का? मग कार्यकारिणीपुढे मी माळ ठेवली आणि सजावटीची खोकी उघडायला लावली. झिरमिळ्यांच्या खाली कोऱ्या पासांची ती जुडी मिळाली. अध्यक्षबाई स्वतः काकूंच्या घरी गेल्या. काकू आता येतात, पोळ्यांना सर्वांच्या आधी येतात, पण पासांचे पुस्तक त्यांनी पुन्हा कधी घेतले नाही. तेव्हापासून परत घेणारीचीही सही लागते.

जेवणाच्या पासांचा रंग निराळा आणि विक्री तीन दिवस आधी बंद. नाटकाची खुर्ची रिकामी राहिली तर फार बिघडत नाही. जेवणाला वीस पाने अचानक वाढली की स्वयंपाकगटाच्या डोळ्यांत पाणी येते. मसालेभाताला किलोभर तांदळात दहा-बारा पाने धरतो, तेव्हा आकडा आधी कळलाच पाहिजे.

गटांचे म्हणाल तर स्वयंपाक, सजावट, नाटक व पाहुणचार असे चार. प्रत्येकीला आपला आकडा मुंबईच्या लग्नाएवढा हवा असतो! आम्ही आधी हमखास येणारी रक्कम धरतो आणि पासांची विक्री तीनशेऐवजी दोनशेचीच धरतो. गटाला मंजूर रकमेच्या निम्मी उचल, तिच्या चिठ्ठ्या आल्या की पुढची. एका गटाचे उरले तर ते दुसऱ्याने परस्पर घ्यायचे नाहीत. भांड्यांची आणि शालू-दागिन्यांची अनामत मी वेगळ्या पानावर लिहिते, कारण तो खर्च नव्हे. ती परत यायची असते, आणि खर्चात मिसळली की परत आणायची कोणाला आठवत नाही. कोणी पाच किलो साखर दिली तर तीही जमेस लिहायची.

हल्ली पैसे मोबाईलवरून येतात. ते मंडळाच्याच खात्यात यावेत, कोणाच्या घरच्या खात्यात नकोत, आणि सोबत पासाचा क्रमांक लिहून यावा. रोख आणि मोबाईल असे दोन रकाने मी ठेवले आहेत. पाच हजारांवरच्या रोख देणगीच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब तपासून घ्यावेच लागतात, हे नव्या सभासदांनी ध्यानात ठेवावे. तपासनीस दर वर्षी वहीतल्या खाडाखोडीकडे आधी पाहतात, म्हणून चुकलेला आकडा गिरवू नये. रेघ मारून शेजारी लिहावा व सही करावी.

यंदाची पुस्तके छापून आली आहेत. मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या स्थळप्रती राहिल्या असतील त्यांनी त्या आणाव्यात, आणि पेन माझ्याकडे आहे.